खाते बिघडले, सामान शाबूत
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बेलपाडा हे पनवेल तालुक्यातले गाव आज खारघरच्या इमारतींमध्ये अंग चोरून बसले आहे. खारघर स्टेशनावर उतरले की पायी जाता येते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली आणि तिच्या एका स्थानकाला गावाचे नाव मिळाले. या गावातल्या जुन्या माणसांना 'खाते' हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो खातेदार, आणि त्याची गावातली एकूण जमीन दाखवणारा तो आठ-अचा उतारा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण आणि ठाण्याच्या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली जाऊ लागली. तेव्हा कोणाचे नाव कागदावर कसे लागले आहे, कोणाच्या वारसाची नोंद राहून गेली आहे, यावर मोबदला ठरला. पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा हक्कही त्यावरच ठरला. खाते बिघडणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

हाच शब्द पुढे संगणकाबरोबर घरात आला. तो घरात आला कसा, आणि तिथे बिघडला की काय होते, हे आज सांगायचे आहे. पण आधी एका गुरुजींची गोष्ट.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बेलपाड्याला राहत. २००३ मध्ये मुलाने घरी संगणक आणला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सुटे भाग घेऊन जोडलेला. त्यावर तीन खाती होती : एक मुलाचे, एक नातीचे, एक गुरुजींचे. गुरुजींच्या नावापुढे बुद्धिबळाच्या सोंगट्यांचे चित्र होते. ते त्यावर धवले उतरवून घेत. आगरी लग्नात धवलारीण जी गाणी म्हणते ते धवले. जुन्या पद्धतीत तर लग्नाचे विधीही तीच पार पाडी. गावातल्या एका वयोवृद्ध धवलारणीकडे गुरुजी वही घेऊन बसत आणि रात्री घरी येऊन एकेका बोटाने टंकत. तीन वर्षांत चाळीसेक पाने झाली.

२००६ च्या पावसाळ्यात एका रात्री संगणक बंद होत असतानाच वीज गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या सोंगट्यांवर टिचकी मारली, तर पडद्यावर कोरी हिरवी टेकडी. 'माय डॉक्युमेंट्स' रिकामे. धवले नाहीत, नातवंडांचे फोटो नाहीत. दुरुस्तीला एक मुलगा आला. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "काका, अकाउंट करप्ट झालंय. फॉरमॅट मारावा लागेल." गुरुजींना वाटले, वहीचे पान फाटले तर शिवायचे असते, तसे काहीतरी असेल. ते म्हणाले, "मारा." संध्याकाळपर्यंत संगणक नव्यासारखा चालू लागला.

धवले त्या वेळेपर्यंत गेले नव्हते. गेले ते त्या 'मारा' या शब्दानंतर. खाते बिघडले होते, सामान जागेवर होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हते. त्यात दुरुस्तीचा मुलगाही आला.

यंत्राला खाते लागतेच कशाला? मुळात ते लागत नव्हते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये काम करू लागला. त्याच्यापुढे एका वेळी एकाचेच काम चाले. ते झाले की दुसऱ्याचे. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तेव्हाच्या अशा यंत्रांवर काम म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीतून आत द्यायचा आणि छापलेले उत्तर नंतर येऊन घ्यायचे. आपले सामान यंत्रात राहत नसे, काखोटीला मारून घरी नेले जाई. यंत्रात सामानच नाही, तर ते कोणाचे हा प्रश्न कसला?

प्रश्न उभा राहिला तो एकच यंत्र एकाच वेळी अनेकांनी वापरायचे ठरवल्यावर. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशी व्यवस्था प्रथम दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. वेगवेगळ्या खोल्यांतून माणसे टंकयंत्रासारख्या उपकरणांवर बसत. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देत फिरे, आणि प्रत्येकाला वाटे की सारे यंत्र आपलेच आहे. आता माणसांच्या फायली यंत्रातच राहू लागल्या. मग कोणाची कुठली हे पाहण्यासाठी एक यादी आली, आणि नावापुढे परवलीचा शब्द आला. संगणकावरचे खाते असे जन्मले. ते भाडेकरूंच्या चाळीत जन्मले, स्वतंत्र बंगल्यात नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

जन्मले तसे ते लगेच बिघडूही लागले. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे यंत्राचे चार तास पुरत नव्हते. त्याने परवलीच्या शब्दांची अख्खी यादी छापून देण्याची मागणी एका कार्डावर लिहून टाकली. यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. मग तो इतरांच्या वेळेवर काम करू लागला. हे त्याने पंचवीस वर्षांनी कबूल केले.

त्याहून मासलेवाईक प्रकार त्याच दशकाच्या मध्यास घडला. यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला त्या दिवसाची सूचना छापून मिळत असे. एके दुपारी सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी प्रत्येकाच्या पुढ्यात छापली जाऊ लागली. पंधरा-वीस मिनिटे हे चालले. शेवटी एका भल्या माणसाने फोन करून कळवले. कारण शोधले तेव्हा असे आढळले : फायलीत बदल करण्याचा जो प्रोग्राम होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल बनवी, आणि तिचे नाव नेहमी एकच ठेवी. एका जागी एका वेळी एकच माणूस बसणार, असे तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी धरले होते. त्या दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी बसले. एक सूचना बदलत होता, दुसरा परवलीची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फायली एकमेकींत मिसळल्या. कॉर्बाटो यांना १९९० सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी हा किस्सा स्वतः सांगितला. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. इतका गोंधळ होऊनही, कॉर्बाटोंनी सांगितलेल्या हकिकतीत कोणाचे लिखाण गेल्याचा उल्लेख नाही. बिघडली ती नोंद.

पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले, तेव्हा हा वेगळेपणा अगदी उघड झाला. तिथे खातेदारांची एक साधी यादी असते, माणशी एक ओळ. ओळीत नाव, एक क्रमांक आणि त्याचे 'घर' कुठे आहे त्याचा पत्ता. फायलींवर मालक म्हणून नाव नसते, तो क्रमांक असतो. ती ओळ खोडली तरी घर पडत नाही. फायली पडून राहतात, मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. सातबाऱ्यावर वारसाची नोंद राहून गेली तरी शेत जागचे हलत नाही, तसेच. नोंदीतला लेखनप्रमाद दुरुस्त करायला आपल्याकडे महसूल संहितेत १५५ वे कलम आहे. शेत नांगरून टाकायला कुणी सांगत नाही.

आपल्याकडे ही चाळीची व्यवस्था संशोधन संस्थांत आली. टाटा संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, वेगळे झाले. १९८६ पासून सुरू झालेल्या 'अर्नेट' या शिक्षणसंस्थांच्या जाळ्यात तिचा मोठा वाटा होता. ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकचे संकुल खारघर स्टेशनाच्या समोरच आहे, म्हणजे गुरुजींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अशा संस्थांत खाते बिघडले तर ते पाहायला व्यवस्थापक असे. तो पगारी माणूस होता. रात्री सगळ्यांच्या फायलींच्या प्रती चुंबकीय फितीवर काढून ठेवणे हे त्याचे काम. त्यामुळे बिघाड ही बातमी नसे.

घरगुती संगणकाचा इतिहास मात्र उलट्या दिशेने आला. १९८१ चा आयबीएम पीसी एकाचा होता. त्यावरच्या डॉसला खाते हा प्रकारच ठाऊक नव्हता. चालू केले की तुम्हीच मालक. विंडोज ९५ आणि ९८ यांत नाव विचारणारी चौकट येई, पण एस्केपची कळ दाबली की ती निमूट बाजूला होई. म्हणजे दाराला कुलूप असल्याचे चित्र काढलेले, कुलूप नाही. कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी हे वेगळे घराणे सुरू केले होते. त्यात युनिक्ससारखीच कडक खाती होती. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आले, आणि कार्यालयाचे हे घराणे थेट लोकांच्या बैठकीच्या खोलीत आले. नावांपुढे रबरी बदक, फुटबॉल, सोंगट्या अशी चित्रे लावून त्याला घरगुती कपडे चढवले, एवढेच.

महाराष्ट्रात हा काळ फार लक्षात राहण्यासारखा आहे. २००१ मध्येच महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. कारकून, शिक्षक, गृहिणी, दहावीची मुले एकाच बाकावर माउस धरायला शिकली. हप्त्यावर संगणक घेतले गेले. एका घरात एक संगणक आणि माणसे पाच. खाती हवीतच. पण चाळ घरात आली, व्यवस्थापक आला नाही. रात्री प्रत काढून ठेवणारा पगारी माणूस कुणाच्या घरी असतो? माझ्या मते त्या काळातल्या निम्म्या दुःखांचे मूळ इथे आहे.

आता बिघाड नेमका कुठे होतो ते पाहू. एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाच्या फोल्डरात, आणि २००७ च्या व्हिस्टापासून 'युझर्स' या फोल्डरात, प्रत्येक खातेदाराचे एक घर असते. त्या घरात फोटो, लिखाण, गाणी असतात. शिवाय 'एनटीयूझर डॉट डॅट' नावाची एक लपवलेली फाइल असते. पडद्यावरचे चित्र कोणते, माउस किती वेगाने चालावा, कुठल्या प्रोग्रामने काय लक्षात ठेवले आहे, हे सारे तिच्यात. आपण आत शिरलो की ही फाइल उघडली जाते आणि बाहेर पडताना मिटवली जाते. मधे सतत तिच्यात लिहिणे चालते. मिटवताना वीज गेली, डिस्कचा तेवढाच तुकडा खराब झाला, किंवा एखाद्या प्रोग्रामने ती सोडलीच नाही, तर ती अर्धवट राहते. हे इतक्यांदा होई की अशी अडकलेली फाइल सोडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला एक वेगळे साधन काढावे लागले. आपल्याकडे २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची. यूपीएस नसलेल्या घरात त्या फायलीची काय कथा!

पुढच्या वेळी यंत्राला ती फाइल वाचता आली नाही, की ते माणसाला दारातच उभे ठेवत नाही. एका तात्पुरत्या, कोऱ्या घरात नेऊन बसवते. गुरुजींना दिसली ती टेकडी त्या कोऱ्या घराची होती. त्यांचे खरे घर शेजारच्या फोल्डरात जसेच्या तसे होते. या तात्पुरत्या घराचा एक धोका जरूर सांगायला हवा. बाहेर पडताना ते पुसले जाते. "सगळे गेले" म्हणून त्यात नव्याने लिहू लागलो, तर तेही जाते.

दुरुस्ती मग अवघड राहत नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. पहिले काम दुरुस्तीचे नसतेच. जुन्या घराच्या फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची. ती निघाली की निम्मी काळजी मिटली. मग एकदा यंत्र पूर्ण बंद करून चालू करून पाहावे. कधी कधी तेवढ्यानेही भागते. नाही भागले, तर व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्यातून आत जायचे. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत असे एक खाते लपवून ठेवलेले असे. सुरू होताना एफ-८ दाबून 'सेफ मोड'मध्ये गेले की ते दिसे, आणि बहुतेक वेळा त्याला परवलीचा शब्दच नसे. आत जाऊन एक नवे खाते उघडायचे, एकदा त्यात शिरून बाहेर यायचे म्हणजे त्याचे घर तयार होते. मग पुन्हा त्या तिसऱ्या खात्यातून जुन्या घरातले सामान नव्यात न्यायचे. तिसरे का? कारण ज्या घरात कुणी बसले आहे, त्याच्या चिजा नीट हलवता येत नाहीत. सामानातून फक्त 'एनटीयूझर' नावाने सुरू होणाऱ्या फायली वगळायच्या. बिघाड तिथेच असतो. तो उचलून नव्या घरात नेला तर सगळे मुसळ केरात.

यंत्र "परवानगी नाही" म्हणाले तर घाबरायचे कारण नाही. मगाशी युनिक्सच्या क्रमांकाची गोष्ट सांगितली, तीच इथे आहे. विंडोजमध्येही प्रत्येक खात्याला 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो, आणि तो पुन्हा कुणाला दिला जात नाही. जुन्याच नावाने नवे खाते उघडले तरी यंत्राच्या लेखी तो परका माणूस. अशा वेळी व्यवस्थापकाने फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यायची असते. फेरफार नोंदवण्यासारखेच म्हणा ना. फक्त एक अपवाद. फायली विंडोजच्या आपल्या सोयीने कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेल्या असतील, तर मालकी घेऊनही त्या उघडत नाहीत. किल्ली जुन्या खात्याकडेच असते.

व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये अनेकदा घरही शाबूत असते आणि फाइलही, फक्त घराचा पत्ता चुकलेला असतो. 'रजिस्ट्री' नावाच्या नोंदवहीत 'प्रोफाइललिस्ट' असा भाग आहे. तिथे एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतात, एक साधी आणि एक शेवटी 'डॉट बॅक' लागलेली. खरी नोंद ती बॅकवाली, साधी ही तात्पुरत्या घराची. साध्या नोंदीचे नाव बदलून बाजूला ठेवायचे, खरीचे शेपूट काढायचे, तिथला घराचा पत्ता बरोबर आहे ना ते पाहायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. नोंदवहीला हात लावण्याआधी तिचीही प्रत काढायची, हे ओघाने आलेच. ज्याला याची सवय नाही त्याने नव्या खात्याचा पहिला मार्ग धरावा. वेळ जास्त लागतो, पण त्यात काही उडत नाही.

गुरुजींकडे परत येतो. त्यांची पंधरा पाने एका फ्लॉपीवर मिळाली. पण नव्या संगणकावर उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हाचे मराठी टंकन ज्याच्या त्याच्या फाँटवर चाले. फाइलीत मराठी अक्षर नसे, एखाद्या इंग्रजी अक्षराची जागा असे, आणि त्या जागी मराठी वळण दाखवण्याचे काम फाँट करी. फॉरमॅटमध्ये फाँटही गेला होता. तो पुन्हा बसवल्यावर पंधरा पाने जशीच्या तशी वाचता आली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण घराघरांतल्या टंकनात ती रुळायला बरीच वर्षे गेली. उरलेली पाने गुरुजींनी वहीवरून पुन्हा लिहिली. पण वहीत नुसते शब्द होते. कुठली ओळ हळद लावताना, कुठली तेलवणाला, कुठे थांबायचे, हे त्यांनी टंकताना आठवून कंसात घातले होते. विचारायला ती धवलारीण राहिली नव्हती.

२०१० मध्ये त्यांचे खाते पुन्हा बिघडले. या वेळी मी तिथे होतो. वर सांगितल्याप्रमाणे आधी प्रत काढली, मग नवे खाते उघडले. दोन तास लागले, त्यातला दीड तास फोटो हलवण्यात गेला. गुरुजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "हे पुसलं नाही ना रे?"

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी निरोप दिला, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. २०१२ च्या विंडोज ८ पासून खाते ईमेलच्या पत्त्याला बांधले जाऊ लागले, आणि आता पुष्कळ घरांत फोटो फोनमध्ये आणि दूरच्या कुठल्यातरी यंत्रात असतात. गुरुजींची ती जुनी डिस्क मात्र आजही माझ्याकडे आहे. तिच्यात त्यांच्या नावाची दोन फोल्डर एकाखाली एक दिसतात. जुन्याच नावाने दुसरे घर बांधायचे झाले की यंत्र नावापुढे संगणकाचे नाव जोडी, तिसऱ्याला तीन शून्ये. धवले दुसऱ्या फोल्डरात आहेत. पहिले मी रिकामे केलेले नाही.